पडद्यावरचे किलोमीटर

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने मोटारीच्या यंत्राविषयी लिहावे, हा विज्ञान शाखेतील मित्रांना आगाऊपणा वाटण्याचा संभव आहे. पण ज्या गोष्टीविषयी मी लिहिणार आहे ती यंत्राची कमी आणि हिशोबाची जास्त आहे, असे माझे मत झाले आहे. हे मत बनण्यासाठी आमच्या घराला एक रात्र, अठराशे रुपये आणि थोडीशी अब्रू खर्च करावी लागली. तेव्हा ते मांडण्याचा मला थोडाफार अधिकार आहे असे समजून वाचकांनी सांभाळून घ्यावे.

माझे मामा गेली वीस वर्षे भाड्याची गाडी चालवतात. बेळगाव-गोवा हा त्यांचा नेहमीचा रस्ता. कोणाला पणजीला कामासाठी जायचे असते, कोणाला म्हापशाच्या बाजाराला, तर कोणाला बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयात रुग्णाला दाखवायचे असते. त्यांनी जुनी डिझेलची गाडी विकून विजेवर चालणारी गाडी घेतली आणि त्यासाठी पतसंस्थेचे कर्ज काढले. दुकानात मिळालेल्या माहितीपत्रकावर ठळक छापले होते : एका चार्जिंगमध्ये ३१० किलोमीटर. मामांनी त्याच पत्रकाच्या पाठीवर हिशोब मांडला. घरापासून बांबोळी ११८ किलोमीटर, जाऊन-येऊन २३६. रात्री घरी चार्जिंग लावायचे, दिवसा गोव्याची एक खेप करून परत यायचे, वाटेत कोठे खोळंबा नको आणि वर ७४ किलोमीटर शिल्लक. डिझेलचे जे पैसे वाचतील त्यातून हप्ता जाईल. तो कागद त्यांनी मला दाखवला होता. बेरीज-वजाबाकीत चूक नव्हती, म्हणून ‘बरोबर आहे’ असे मीच त्यांना सांगितले होते.

गेल्या ऑगस्टमध्ये आजीच्या हृदयाची तपासणी बांबोळीला ठरली. मामा, मामी, आजी आणि मी असे चौघे पहाटे निघालो. गाडीच्या पडद्यावर दोन आकडे होते : १०० टक्के आणि २४० किलोमीटर. ३१० हा आकडा गाडी घरात आल्यापासून पडद्यावर एकदाही दिसला नव्हता. तरी मामा भाड्याच्या खेपेला म्हापशाला तासभर थांबून चार्जिंग करून घेत, त्यामुळे अडले नव्हते. त्या दिवशी बांबोळीला पोचलो तेव्हा पडद्यावर ६१ टक्के आणि १८६ किलोमीटर होते. आम्ही ११८ किलोमीटर चालून आलो होतो आणि २४० मधून गेले होते अवघे ५४! मामांना मोठा आनंद झाला. परतीला ११८ हवेत, जवळ १८६ आहेत. चार्जिंगच्या जागी दोन गाड्या आधीच उभ्या होत्या, आजी थकली होती. “चला, आता घरीच लावू,” असे म्हणून मामांनी गाडी काढली.

साखळी ओलांडून घाटाखाली केरीला आलो तेव्हा ४३ टक्के आणि १२० किलोमीटर होते. घर उरले होते ७४ किलोमीटर. मग चोर्ल्याचा घाट सुरू झाला. पाऊस धो धो कोसळत होता, काचांवर वाफ धरत होती म्हणून एसी चालू, दिवे चालू, वायपर चालू. पडद्यावरचे किलोमीटर उतरू लागले ते कसे, तर जत्रेत हातातल्या नोटा उतरतात तसे. एक वळण घेतले की तीन गेले, दुसरे घेतले की पाच. घाटात फोनला रेंज नव्हती. मामा प्रथम काही बोलले नाहीत, मग स्टिअरिंगवर हात आपटून म्हणाले, “खोटं बोलायलंय की रे हे!” मागून आजीने विचारले, “किती राहिलं बाळ?” तिला कोणी उत्तर दिले नाही. कणकुंबीला पोचलो तेव्हा पडद्यावर १९ टक्के आणि २६ किलोमीटर होते. घर अजून ४६ किलोमीटर. केरीपासून आम्ही २८ किलोमीटर चाललो होतो आणि पडद्यावरून ९४ गेले होते.

कणकुंबीत मामांच्या ओळखीच्या एका माणसाकडे पंधरा अँपिअरचा प्लग होता. तेथे गाडी लावली. आजी आणि मामी यांच्यासाठी एक जीप ठरवली, तिने अठराशे रुपये घेतले. रोज दुसऱ्यांना घरपोच करणाऱ्या माणसाला आपल्या आईला घरी पाठवण्यासाठी दुसऱ्याची गाडी बोलवावी लागली, हे मामांना फार लागले. जीपवाला ओळखीचाच निघाला आणि हसला, हे त्याहून जास्त.

त्या रात्री झोप येत नव्हती, म्हणून मी वहीत आकडे मांडले. गाडीच्या बॅटरीत पूर्ण भरल्यावर ३० युनिट वीज मावते. हेस्कॉमच्या बिलावर जे युनिट असते तेच हे युनिट. म्हणजे सकाळी घरी ३० युनिट होती आणि पडदा २४० किलोमीटर म्हणत होता : युनिटला ८. बांबोळीला ६१ टक्के म्हणजे १८.३ युनिट होती आणि पडदा १८६ म्हणत होता : युनिटला १० पेक्षा किंचित जास्त. कणकुंबीला १९ टक्के म्हणजे ५.७ युनिट आणि पडदा २६ म्हणत होता : युनिटला साडेचार. गाडी तीच, माणसे तीच, चालवणारा तोच. मग एका दिवसात युनिटचा भाव आठवरून दहावर आणि दहावरून साडेचारवर कसा जातो?

भाव बदलतो याचे कारण पडद्यावरचे किलोमीटर कोठे मोजलेले नसतात, ते भागाकाराचे उत्तर असते. बॅटरीत किती वीज उरली आहे हे गाडी पाहते आणि अलीकडच्या काही किलोमीटरमध्ये दर किलोमीटरला किती वीज लागली त्या सरासरीने तिला भागते. येईल ते उत्तर पडद्यावर. आदल्या दिवशी मामा गावातल्या गावात सावकाश फिरले होते, म्हणून सकाळी भाव आठ. बांबोळीला जाताना आम्ही घाट उतरलो होतो. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे साडेसातशे मीटर उंचीवर आहे, चोर्ला त्याहून थोडे वर, आणि केरी जवळजवळ तळाशी. उतारावर मोटरच जनित्राचे काम करते आणि वीज परत बॅटरीत भरते. या सगळ्या २८ किलोमीटरमध्ये आमची टक्केवारी कमी होण्याऐवजी एकाने वाढली होती. ही फुकटची कमाई सरासरीत धरून यंत्राने बांबोळीला सांगितले की ही गाडी युनिटला दहा जाते. ती गेलीच होती, खोटे काहीच नाही. पण परतीच्या वाटेवर तोच घाट चढायचा आहे हे त्याला कोठे ठाऊक होते?

चढाचा खर्चही मी काढला. यासाठी बारावीला विज्ञान घेतलेल्या मित्राला दुसऱ्या दिवशी विचारावे लागले, हे कबूल करतो. माणसांसकट सतराशे किलोची गाडी साडेसातशे मीटर वर उचलायला सुमारे साडेतीन युनिट लागतात, आणि मोटरमध्ये जे वाया जाते ते धरून चार म्हणू. हा रस्ता कापण्याच्या नेहमीच्या खर्चाच्या वरचा खर्च. सपाटीवर याच चार युनिटांत गाडी तीस किलोमीटर जाते. उतरताना यातला काही भाग परत मिळतो, सगळा नाही.

पुढची गोष्ट जास्त विचार करायला लावणारी आहे. सकाळी गाडी ६० टक्क्यांच्या वर गेली होती. मामांना मी म्हटले, घरी जाताना एसी बंद ठेवा, चाळीसच्या वर जाऊ नका, पाहू काय होते. कणकुंबी ते जांबोटी आणि जांबोटी ते घर, ४६ किलोमीटरला गेले १६ टक्के. ४.८ युनिट, म्हणजे युनिटला साडेनऊ! आदल्या रात्री आमच्याकडे १९ टक्के होते. तसेच निघालो असतो तर तीन टक्के राखून घरी पोचलो असतो. म्हणजे दुपारी पडद्याने आम्हाला उगाच निर्धास्त केले आणि संध्याकाळी उगाच घाबरवले. दोन्ही वेळा कारण एकच : दुपारी त्याच्या डोळ्यांसमोर उतार होता, संध्याकाळी चढ.

आता प्रामाणिकपणे सांगायचे तर, हे गणित मला त्या रात्री आठ वाजता येत असते तरीही तीन टक्क्यांच्या भरवशावर आजारी आजीला पावसात घेऊन जा, असे मी मामांना सांगितले नसते. थांबलो तेच योग्य झाले. पण थांबायची वेळ आली ती बांबोळीला अर्धा तास चार्जिंग न केल्यामुळे, आणि ते केले नाही ते १८६ या आकड्यावर विसंबल्यामुळे.

आमच्या लेखाकर्माच्या तासाला सर एक गोष्ट वारंवार बजावतात. ताळेबंदातले सगळे आकडे एका जातीचे नसतात. रोकड शिल्लक मोजता येते. बुडीत कर्जाची तरतूद मोजता येत नाही, मागच्या अनुभवावरून ठरवावी लागते. घसाराही तसाच. दोन्ही आकडे एकाच शाईत, एकाच रकान्यात छापलेले असतात, म्हणून नवख्याला ते सारखेच पक्के वाटतात. गाडीच्या पडद्यावर हेच होते. टक्केवारी ही रोकड शिलकेच्या जवळची आहे. जवळची म्हणायचे कारण, तीसुद्धा आत-बाहेर गेलेल्या विजेची नोंद ठेवून काढलेली असते, आणि काही जातींच्या बॅटऱ्यांत, विशेषतः लोह-फॉस्फेटच्या, व्होल्टेज फारसे हलत नसल्याने ती थोडी चुकू शकते. म्हणूनच अशी गाडी अधूनमधून पूर्ण शंभरपर्यंत भरावी असे कंपन्या सांगतात. पण किलोमीटर हा आकडा निव्वळ तरतुदीच्या जातीचा आहे. खोलीवरचा आमचा एक मित्र महिन्याच्या सात तारखेला अशीच बढाई मारतो : आठवड्यात तीनशेच खर्च झाले, आता हे पैसे दोन महिने पुरतील. त्या आठवड्यात तो गावी होता आणि आईच्या हातचे जेवत होता, हे तो हिशोबात धरत नाही.

गंमत अशी की मराठीत आणि कन्नडात यासाठी एकच शब्द आहे. आपण अंदाज म्हणतो, शेजारच्या विभागातले मित्र अंदाजु म्हणतात. दोन्ही भाषांत कोणीही अंदाजाला वचन समजत नाही. तोच अंदाज काचेवर इंग्रजी आकड्यांत उजळून आला की मात्र आपण त्याला वचन समजतो. हा भोळेपणा केवळ आपलाच नाही. निसान कंपनीची लीफ ही गाडी २०१० च्या अखेरीस बाजारात आली, तेव्हा अमेरिकेतल्या मालकांनी तिच्या या आकड्याला ‘गेस-ओ-मीटर’ असे नाव ठेवले होते.

पण सगळा दोष वाचणाऱ्यावर टाकून मोकळे होणे मला मान्य नाही. पडद्यावरच्या आकड्याच्या आधी माहितीपत्रकावरचा आकडा येतो, आणि कर्ज त्याच्यावर काढले जाते. तो आकडा प्रयोगशाळेत, रोलरवर गाडी चालवून, एसी बंद ठेवून, ठरावीक वेगाने मिळवलेला असतो. गाड्यांची एकमेकींशी तुलना करण्यासाठी तो ठीक आहे. घाट, पाऊस, चार माणसे आणि त्यांचे सामान त्यात नसते. टाटांची नेक्सॉन ही विजेवरची गाडी जानेवारी २०२० मध्ये ३१२ किलोमीटरच्या प्रमाणित आकड्यासह आली. गाडी त्याच्या जवळपासही जात नाही अशी ग्राहकाची तक्रार आल्यावर मार्च २०२१ मध्ये दिल्ली सरकारने तिचे अनुदान थांबवले, आणि त्याच महिन्यात दिल्ली उच्च न्यायालयाने त्या आदेशाला स्थगिती दिली. माझ्या मते हे भांडण दोन वेगळ्या गोष्टींना एकच नाव दिल्यामुळे झाले. कंपनीचा आकडा परीक्षागृहातला होता, ग्राहकाचा रस्त्यावरचा.

त्यानंतर काही सुधारणा झाली, हे नोंदवायला हवे. त्याच कंपनीने २०२४ मध्ये कर्व्ह ही गाडी आणली तेव्हा मोठ्या बॅटरीच्या गाडीसाठी ५८५ किलोमीटर या प्रमाणित आकड्याच्या जोडीला ४०० ते ४२५ असा दुसरा आकडाही दिला. चारांतल्या तीन ग्राहकांना प्रत्यक्षात एवढे अंतर मिळावे, असा त्याचा अर्थ. संख्याशास्त्राच्या पेपरात चतुर्थक कशाला शिकायचे असे विचारणाऱ्यांना हे उत्तर पुरे व्हावे. अमेरिकेतही प्रयोगशाळेतला आकडा साधारणपणे ०.७ ने गुणून मगच गाडीच्या काचेवर चिकटवतात. मामांच्या ३१० ला ०.७ ने गुणले तर २१७ येतात, आणि २३६ किलोमीटरची खेप त्यात बसत नाही हे तिसरीतल्या मुलालाही कळेल. ते पत्रकाच्या पाठीवर कोणी करून दाखवले नाही. दुकानदाराने नाही, कर्ज देणाऱ्या पतसंस्थेने नाही आणि मीही नाही.

म्हणून माझे म्हणणे असे आहे. पडद्यावर एकच आकडा दाखवू नये, दोन दाखवावेत : असेच सावकाश चालवाल तर इतके, चढ आणि एसी धरून इतके. शेजारी ‘युनिटला किती’ हा भाव ठळक दाखवावा, म्हणजे चालवणारा स्वतः गुणाकार करील. काही गाड्या ठरवलेला रस्ता आणि त्याचा चढ-उतार पाहून आकडा काढतात. ती सोय महागड्या गाडीपुरती राहू नये, कारण तिची सर्वांत जास्त गरज भाड्याची गाडी चालवणाऱ्याला आहे. आणि व्यवसायासाठी कर्ज देताना पतसंस्थांनी प्रमाणित आकडा न धरता त्या रस्त्यावर एक खेप प्रत्यक्ष करून घ्यावी. पिठाच्या गिरणीला कर्ज देताना जागा पाहायला जातात, तर येथे रस्ता पाहायला काय हरकत?

आमच्या एका प्राध्यापकांचे मत याच्या उलट आहे. त्यांच्या मते किलोमीटर दाखवूच नयेत, टक्केवारी पुरे. माणूस आपोआप सावध राहील. माझ्या वडिलांच्या जुन्या स्कूटरला पेट्रोलचा काटाच नव्हता. इंजिन आचके देऊ लागले की कॉक रिझर्व्हवर फिरवायचा आणि पंप शोधायचा, आणि तरीही ते कधी अडकले नाहीत असे वडीलही अभिमानाने सांगतात. पण पंप कोसाकोसावर होते आणि पाच मिनिटांत टाकी भरत होती. येथे घाटात पंप नाही आणि बॅटरी पाच मिनिटांत भरत नाही. त्यामुळे अंदाज तर हवाच, फक्त तो कशावरून केला हे त्याच्या शेजारी लिहिलेले हवे. ताळेबंदाला टिपा जोडतात त्या कशासाठी?

मामांनी गाडी विकली नाही. विकून चालणारही नव्हते, हप्ते अजून चार वर्षे आहेत. गोव्याच्या खेपेत म्हापशाला तासभर चार्जिंग धरूनच ते आता भाडे सांगतात. त्या तासामुळे संध्याकाळचे एखादे गावातले भाडे बुडते, आणि डिझेलची बचत त्यांनी पत्रकाच्या पाठीवर मांडली होती तेवढी उरत नाही. तरी हप्ता निघतो. गाडीत मी एक वही ठेवली आहे. घर, कणकुंबी, केरी, बांबोळी अशा चार ठिकाणी टक्के लिहायचे, पाऊस होता का, एसी होता का, माणसे किती, एवढेच. किलोमीटरचा रकाना मी आखला होता, मामा तो कोराच ठेवतात. सत्तावीस खेपा झाल्या आहेत. त्यावरून चार माणसे घेऊन पावसात केरीहून कणकुंबीला चढायला २२ ते २५ टक्के लागतात आणि कोरड्या दिवसांत १९ ते २१, असे दिसते. अनमोडच्या किंवा आंबोलीच्या घाटाने जाणाऱ्या अशा गाड्या ज्यांच्या घरी असतील, त्यांनी आपले आकडे मला वाणिज्य विभागात आणून दिले तर बरे होईल. आमच्या वहीत त्या रस्त्यांची पाने अजून रिकामी आहेत.